न हलणारा आकडा

टर्बाइन हॉलमधला आवाज आधी पायांना कळतो. बुटांच्या तळव्यांतून एक बारीक, अखंड थरथर वर चढते, गुडघ्यांपर्यंत येते आणि तिथेच राहते. कानांत बोळे आहेत, डोक्यावर हेल्मेट आहे, खिशाला पेनाच्या आकाराचा डोसमीटर लावलाय. मोबाइल गेटवरच ठेवून घेतलाय. सोबतचे अभियंते माझ्या कानाशी वाकून ओरडतात, "तीन हजार!" आणि समोरच्या लांबलचक बंदिस्त यंत्राकडे बोट दाखवतात. मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०. फिरणारं मात्र काहीच दिसत नाही. रंग दिलेलं पोलादी आवरण, त्यात शिरणारे माणसाच्या उंचीचे नळ आणि पार टोकाला जनित्र, एवढंच नजरेत भरतं. या एका आसावर या क्षणी ५४० मेगावॉट वीज तयार होतेय.

मी तारापूरला आहे. पालघर जिल्ह्यात, बोईसर स्टेशनपासून थोड्या अंतरावर, अरबी समुद्राला खेटून. देशातलं पहिलं व्यापारी अणुवीज केंद्र इथलंच. मे महिना आहे, बाहेर घामाने अंग चिकट झालंय, आणि मला आजच्या दिवसात ही वीज इथून निघून कुठे जाते ते तिच्या मागोमाग जाऊन पाहायचंय. मला कुतूहल आहे ते तिच्या अखंडपणाचं. पवनचक्की वाऱ्यावर चालते, सौर पॅनेल उन्हावर, कोयना साठलेल्या पाण्यावर. इथलं हे यंत्र मात्र दिवस-रात्र एकच आकडा धरून फिरत राहतं.

भिंतीपलीकडे अणुभट्टी आहे. तिथे पाहुण्यांना नेत नाहीत. तिची प्रतिकृती मी सकाळी पाहिली आहे: आडवं ठेवलेलं एक मोठं पिंप आणि त्यातून आरपार जाणाऱ्या ३९२ नळ्या. प्रत्येक नळीत इंधनाची तेरा बंडलं एकामागोमाग एक. इथली माणसं 'बंडल' हाच शब्द वापरतात. अर्धा मीटर लांबीचं, बारीक कांड्यांची जुडी बांधलेलं हे बंडल दोन्ही हातांनी उचलता येईल इतपत जड असतं. आत नैसर्गिक युरेनियम. त्यातलं जे सहज फुटतं ते युरेनियम-२३५ शंभरात एक भागही नसतं, जेमतेम ०.७ टक्के. एवढ्याशा मालावर अणू फुटण्याची साखळी चालू ठेवायची तर न्यूट्रॉन वाया जाऊन चालत नाही. म्हणून नळ्यांच्या भोवती जड पाणी भरलेलं असतं. ते न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि त्यांना फारसं गिळत नाही.

नळ्यांमधून वाहणारं पाणीही जडच. ते तीनशे अंशांच्या आसपास तापतं, पण त्याच्यावर वातावरणाच्या शंभरेक पट दाब असल्याने उकळून जात नाही. ही उष्णता घेऊन ते बाष्पजनित्रात जातं, तिथल्या साध्या पाण्याला पातळ नळ्यांच्या भिंतीतून ती देतं आणि परत फिरतं. दोन पाणी एकमेकांना भेटत नाहीत. उकळतं ते साधं पाणी, आणि त्याची वाफ माझ्यासमोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळते. म्हणूनच मी इथे साध्या कपड्यांत, यंत्राला हात लावण्याइतक्या अंतरावर उभी राहू शकते.

शेजारच्या जुन्या एक आणि दोन क्रमांकाच्या युनिटांत असं उभं राहता येत नाही. तिथे अणुभट्टीतच पाणी उकळतं आणि तीच वाफ थेट टर्बाइनमध्ये जाते. त्यामुळे ती चालू असताना टर्बाइनही आडोशाआड ठेवावा लागतो. आम्ही दोन इमारतींमधल्या रस्त्याने चालत असताना ती जुनी युनिटं उजव्या हाताला दिसतात. १९६४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला, त्याच वर्षी बांधकाम सुरू झालं आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये वीज व्यापारी पद्धतीने बाहेर पडली. ज्यांनी हा घाट घातला ते होमी भाभा मात्र जानेवारी १९६६ मध्येच गेले होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनावरून हात आखडता घेतला. पुढे फ्रान्सकडून, मग चीनकडून, मग रशियाकडून इंधन येत गेलं. सुरुवातीला प्रत्येकी २१० मेगावॉटची असलेली ही युनिटं नंतर १६० वर उतरवली गेली, तरी पन्नास वर्षं चालली. २०२० मध्ये दोन्ही मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवली गेली. इतक्या जुन्या यंत्राला निरोप द्यावा की पुन्हा उभं करावं, यावर जाणत्यांत मतभेद होते. मला इतकंच वाटतं की असे निर्णय अभिमानाने घेऊ नयेत, तपासणीच्या कागदांनी घ्यावेत.

मी पाहतेय ती युनिटं तीन आणि चार. यांचा आराखडा आपला, टर्बाइन आपला. चार नंबर आधी, सप्टेंबर २००५ मध्ये, आणि तीन नंबर ऑगस्ट २००६ मध्ये व्यापारी उत्पादनात आलं.

कंट्रोल रूममध्ये शिरल्यावर पायांतली थरथर एकदम थांबते. इथे गारवा आहे, खालच्या आवाजातली बोलणी आहेत. अर्धवर्तुळात पॅनेल, त्यांवर शेकडो छोट्या खिडक्या. प्रत्येक खिडकी म्हणजे एक इशारा, आणि सगळ्या विझलेल्या असणं म्हणजे सगळं ठीक. शिफ्टचे प्रमुख माझ्याशी बोलताना एकदाही माझ्याकडे पूर्ण वळत नाहीत. त्यांची नजर एका आकड्याकडे जाऊन येते, पुन्हा जाऊन येते.

"मॅडम, हे बघा." ते चौदा उभ्या पट्ट्यांकडे बोट दाखवतात. भट्टीच्या आत चौदा कप्पे आहेत आणि त्यांत साधं पाणी कमी-जास्त होत असतं. साधं पाणी न्यूट्रॉन गिळतं. एखाद्या कोपऱ्यात ताकद वाढायला लागली की तिथल्या कप्प्यात पाणी चढतं, कमी झाली की उतरतं. हे संगणक करतो, आणि सतत करतो. पट्ट्या किंचित हलताना दिसतात. बाहेर जाणारा ५४० चा आकडा स्थिर राहावा म्हणून आत हे चौदा आकडे क्षणभरही स्थिर नसतात.

"आणि इंधन बदलायला कधी थांबवता?"

"थांबवत नाही. आत्ता चालूच आहे बहुतेक." ते सहकाऱ्याला विचारतात. तो मान हलवतो. भट्टीच्या दोन तोंडांना दोन यंत्रं चिकटली आहेत. एक नवी बंडलं आत ढकलतंय, दुसरं पलीकडून जुनी बाहेर घेतंय, आणि टर्बाइनला याचा पत्ताही नाही. पूर्ण भारावर दिवसाला डझनभराच्या आसपास बंडलं लागतात. मी वहीत हिशेब मांडते. ५४० मेगावॉट, चोवीस तास, म्हणजे एक कोटी एकोणतीस लाख साठ हजार युनिट. एका बंडलामागे साधारण दहा लाख. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या आठशे घरांना एक वर्ष पुरेल इतकी वीज एका बंडलात असते. दिवसाची ही सगळी वीज कोळशातून करायची तर रोज दोन-अडीच मालगाड्या रिकाम्या कराव्या लागतील. अर्थात, बाहेर आलेलं बंडल राखेसारखं कुठे टाकून देता येत नाही. ते वर्षानुवर्षं पाण्याखाली जपावं लागतं आणि पुढचं त्याचं आयुष्य आपल्या सर्वांच्या आयुष्यापेक्षा लांब असतं. त्या पाण्याच्या तलावाचं नाव निघतं तेव्हा बोलण्याचा सूर बदलतो, गंभीर होतो. मला तो बदल आश्वासक वाटतो.

"अचानक ट्रिप होऊन बंद पडलं तर?" मी विचारते.

शिफ्ट प्रमुख आता माझ्याकडे वळतात. कॅडमियमच्या कांड्या वरून पडतात आणि साखळी काही सेकंदांत तुटते. त्या अडकल्या तर दुसरी स्वतंत्र व्यवस्था भट्टीत गॅडोलिनियमचं द्रावण सोडते. इथवर सोपं. पण साखळी तुटली तरी उष्णता संपत नाही. बंद केल्याच्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. एवढ्या मोठ्या भट्टीत ती शंभर मेगावॉटच्या वर भरते. ती काढून न्यायला पंप लागतात, पंपांना वीज लागते, आणि स्वतःचं जनित्र तर थांबलेलं. मग ती वीज येते बाहेरून, ग्रीडमधून. ग्रीडही गेली तर डिझेल जनित्रं.

"आम्ही ग्रीडला वीज देतो असं सगळे म्हणतात," ते म्हणतात. "पण आम्हाला ग्रीड लागते, हे कुणी म्हणत नाही."

११ मार्च २०११ ला फुकुशिमात हेच घडलं. भूकंपाने बाहेरची वीज तोडली, त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, आणि बंद झालेल्या भट्ट्या आपल्याच उरलेल्या उष्णतेने वितळल्या. तारापूरची जुनी युनिटं त्याच घराण्यातली आहेत, म्हणून त्या दिवसापासून इथला प्रत्येक डिझेलचा टाका, प्रत्येक पंपाची उंची नव्याने तपासली गेली.

आणखी एक गोष्ट ते सांगतात आणि अखंडपणाचं कोडं मला तिथे उलगडतं. ट्रिपनंतर अर्ध्या-पाऊण तासात भट्टी पुन्हा उचलता आली नाही तर आत झेनॉन साचत जातो. तोही न्यूट्रॉन गिळतो. मग दीड दिवसाच्या आसपास कुणी काहीही केलं तरी भट्टी चालू होत नाही. "पॉइझन आउट," एवढेच दोन शब्द ते उच्चारतात. कोयनेचं मशीन काही मिनिटांत चढवता-उतरवता येतं. इथे एक चूक म्हणजे दीड दिवसाचं दीड-दोन कोटी युनिटांचं भगदाड, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी भरावं लागतं. म्हणून ही नजर त्या आकड्याकडे पुन्हा पुन्हा जाते.

बाहेर पडताना हात-पाय एका यंत्रावर ठेवून उभं राहावं लागतं. हिरवा दिवा लागतो. डोसमीटर परत देते, काटा होता तिथेच आहे.

समुद्राकडच्या बाजूला पाणी सोडण्याचा कालवा आहे. खळाळत, फेसाळत पाणी समुद्राकडे धावतंय. भट्टीत जेवढी उष्णता तयार होते तिचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भाग वीज होतो, बाकीची सगळी या पाण्यातून समुद्राला मिळते. दर सेकंदाला हजारो लिटर समुद्राचं पाणी आत येतं, टर्बाइनमधून निघालेल्या वाफेला थंड करून पुन्हा पाणी करतं आणि स्वतः काही अंशांनी गरम होऊन परततं. केंद्र समुद्रकाठी का, याचं उत्तर हा कालवा आहे.

दुपारी दांडी गावाच्या बाजूला जाते. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास दुरूनच येतो. बांबूच्या मांडवाखाली जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका कालव्याचा विषय निघताच तोंड फिरवतात, मग स्वतःच बोलू लागतात. पूर्वी किनाऱ्याजवळ मिळणारी मासळी आता लांब जाऊन आणावी लागते, असं त्यांचं म्हणणं आहे. गरम पाण्याने गेली, का कारखान्यांच्या पाण्याने, का मोठ्या ट्रॉलरांनी ओरबाडून नेली, हे कुणी नीट सांगत नाही, एवढी त्यांची तक्रार. केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा इथली मासळी, दूध, माती नियमित तपासते आणि किरणोत्सार मर्यादेच्या खूप खाली असल्याचं सांगते. काकांना तो अहवाल माहीत आहे. "किरणाचं नाय ओ, पोटाचं विचारतोय मी," ते म्हणतात. या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका आहेत आणि पहिलीचं उत्तर देऊन दुसरी सुटत नाही, हे मला त्या मांडवाखाली बसून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याच अहवालात दिसलं नव्हतं.

तीन-चार नंबरच्या युनिटांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षं चालला. मांडवात बसलेल्या मावशींचं माहेर पोफरणचं. "आमचं घर त्या कुंपणाच्या आत," त्या हाताने दाखवतात. काल रात्री इथे दीड तास लाइट नव्हती.

"डीपी उडाली," मावशी सांगतात. "वायरमन आला मग सकाळी... नाय, रात्रीच आला, पण उशिरा."

डोक्यावरून टॉवरची तार जातेय आणि खाली अंधार, हे पाहणाऱ्याला अन्याय वाटतं. वीज वाहण्याची रीत मात्र अशी आहे. जनित्रातून वीज निघते तेव्हा तिचा दाब वीसेक हजार व्होल्ट असतो आणि प्रवाह पंधरा हजार अँपिअरच्याही वर. एवढा प्रवाह तारेतून लांब नेला तर तार तापवण्यातच वीज संपेल. म्हणून ट्रान्सफॉर्मर दाब वीसपट करतो, ४०० केव्ही. प्रवाह हजार अँपिअरच्या आत येतो आणि तारेतली तूट चारशेपटीने घटते. पण ४०० केव्हीच्या तारेतून गावाला थेट वीज काढता येत नाही. ती लांब कुठल्यातरी मोठ्या उपकेंद्रात उतरते, २२०, मग १३२ किंवा ३३, मग ११ केव्ही होत होत फिडरवरून परत फिरते आणि शेवटी मावशींच्या गल्लीतल्या डीपीत येते. साखळीची पहिली कडी कितीही भक्कम असली तरी मावशींच्या घरातला दिवा शेवटच्या कडीवर लटकलेला असतो. उत्पादनावर आपण हजारो कोटी खर्च करतो, आणि त्या खांबावरच्या डीपीकडे मात्र ती जळाल्याशिवाय बघत नाही. ज्यांनी घराची जागा दिली त्यांच्या गल्लीतली डीपी तरी देशात सर्वांत चांगली असायला हवी होती. मावशींच्या जमिनीची ती किमान किंमत आहे.

टॉवरखाली उभं राहिलं की तारांची चरचर ऐकू येते. खारी हवा इन्सुलेटरच्या बशांवर मिठाचा थर चढवते, दमट रात्री त्या थरावरून वीज झिरपू पाहते आणि ठिणगी उडाली की लाइन ट्रिप. किनाऱ्यावरच्या लाइनी म्हणून धुऊन काढाव्या लागतात. एक मोठा पाऊस हे काम फुकटात करून जातो. मेमध्ये तो नसतो.

आमची गाडी मनोरकडे निघते. तारापूरहून एक वाट बोईसरच्या उपकेंद्राकडे जाते, दुसरी पडघ्याला. मी दुसरीच्या मागे आहे. मनोरहून वाड्याच्या रस्त्याला लागल्यावर टॉवरांच्या रांगा कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसतात. डोंगराच्या खांद्यावरून चढतात, साग-पळसाच्या रानातून आखलेल्या पट्ट्यातून उतरतात, भाताच्या कोरड्या खाचरांत पाय रोवून उभ्या राहतात. प्रत्येक फेजला दोन-दोन तारा. पाड्यांवर कुडाच्या भिंती आहेत, बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्यात. या दीडशे फुटांवरच्या तारांतून मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, गोवा, दीव-दमण, सगळ्यांचे वाटे चाललेत. वाटे कागदावर. तारेत गेलेली वीज कुणाची ते तारेला ठाऊक नसतं. ती जवळच्या मागणीकडे धावते आणि हिशेब नंतर मीटर करतात. गोव्यातल्या एखाद्या घराला तारापूरची वीज मिळते याचा अर्थ तिथले विद्युतकण इथून गेले असा नाही. तारापूरने इथे जेवढं ओतलं तेवढं तिथे काढण्याचा त्यांना हक्क आहे.

आणि ओतणारे सगळे एका तालात बांधलेले आहेत. डिसेंबर २०१३ च्या शेवटच्या दिवशी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाशी सांधला गेला. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ग्रीडला जोडलेलं प्रत्येक मोठं जनित्र एकाच ठोक्यावर फिरतं, सेकंदाला पन्नास. एकाच जोखडाला जुंपलेले बैल जसे, एकाने पाय आखडला की ओढ सगळ्यांच्या खांद्यांना जाणवते. सकाळी पायांना जाणवली ती थरथर फक्त तारापूरची नव्हती.

पडघ्याला पोहोचतो तेव्हा ऊन कलतंय. एवढं मोठं उपकेंद्र जवळून पाहणं हा वेगळाच अनुभव आहे. पोलादाचं रान, त्यात गुणगुणणारे ट्रान्सफॉर्मर. एका बाजूला वेगळीच इमारत आहे. तिथे चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर लांबून सरळ-प्रवाहाची वाहिनी येते, १९९९ पासून, पंधराशे मेगावॉटची. विदर्भाच्या कोळशाची वीज आणि तारापूरच्या युरेनियमची वीज या खडीच्या मैदानात एकत्र येऊन मुंबई-ठाण्याकडे निघतात. इथून कळव्याकडे जाणाऱ्या लाइनी मला मुद्दाम पाहायच्या आहेत. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी याच पडघा–कळवा मार्गावरच्या लाइनी पडल्या आणि मुंबई महानगर अंधारात गेलं. लोकल जागच्या जागी थांबल्या, तेही कोविडच्या दिवसांत, जेव्हा रुग्णालयांना विजेची सर्वाधिक गरज होती. अडचण वीज तयार करण्यापासून सुरू झाली नव्हती. आणणारा रस्ता तुटला होता. त्या सकाळी ड्युटीवर असलेले एक तंत्रज्ञ मला लाइन दाखवतात. फारसं बोलत नाहीत. फक्त, "तो दिवस पुन्हा नको," म्हणतात.

संध्याकाळी ऐरोलीत, राज्य भार प्रेषण केंद्रात. इथे पोलाद नाही, वाफ नाही, फक्त भिंतभर पडदा आणि त्यावर महाराष्ट्राची तारांची जाळी. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत फ्रीक्वेन्सी: ४९.९८. मग ५०.०१. मग ४९.९७. ती ४९.९० आणि ५०.०५ च्या मध्ये राहायला हवी. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेत आणि प्रत्येक तुकड्यासाठी कुणी किती द्यायचं, कुणी किती घ्यायचं ते आदल्या दिवशी ठरलेलं असतं. टेबलावरच्या अभियंता ताई मला आजचा तक्ता दाखवतात. सौरचा रकाना पहाटे शून्य, दुपारी डोंगराएवढा, आणि आता पुन्हा शून्याकडे. कोळशाची केंद्रं दुपारी सूर्याला जागा देण्यासाठी खाली दाबली होती, पार ५५ टक्क्यांपर्यंत, आता वर चढताहेत. तारापूरच्या दोन ओळींत सकाळपासून तोच आकडा आहे. शहाण्णवच्या शहाण्णव तुकड्यांत तोच.

"त्या ओळींकडे आम्ही फारसं बघत नाही," ताई म्हणतात. "बघावं लागत नाही, हेच चांगलं."

राज्याची मागणी पंचवीस हजार मेगावॉटच्या पुढे आहे. त्यात तारापूरचा महाराष्ट्राच्या वाट्याचा आकडा लहानसाच. पण सात वाजतात आणि त्याची किंमत मला समोर दिसते. सूर्य गेला, घरोघरी दिवे-पंखे-एसी लागले, पडद्यावरची मागणीची रेघ चढू लागली. फ्रीक्वेन्सी ४९.९३. ताई फोन उचलतात, कोयनेच्या वीजघराला लावतात. "पोफळी? आणखी दोन मशिनं घ्या." कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरू लागतं आणि काही मिनिटांत रेघेला टेकू मिळतो.

हे पाणी मोजकं आहे. कृष्णा लवादाच्या निवाड्याने वर्षाला ६७.५ टीएमसी एवढंच पाणी वीज करून पश्चिमेला सोडता येतं, आणि ते वर्ष ३१ मेला संपतं. आज मे आहे. ताईंच्या टेबलावर उरलेल्या पाण्याचा आकडा वेगळ्या कागदावर, डोळ्यांसमोर ठेवलेला आहे. मी त्यांच्याशी ढोबळ हिशेब करून बघते. एक टीएमसी खाली उतरलं की चार कोटी युनिटांच्या आसपास वीज. तारापूरची तीन आणि चार ही दोन युनिटं पूर्ण भाराने दीड दिवस फिरली की तेवढीच वीज. म्हणजे तिथे ते ५४० चे आकडे जितके तास हलत नाहीत, तितकं पाणी कोयनेच्या शिवसागर जलाशयात राहतं आणि अशा संध्याकाळी कामाला येतं.

साडेनऊला मोठी मागणी ओसरू लागते. मध्येच फ्रीक्वेन्सी ४९.९१ वर घसरते. कुठल्यातरी राज्यात एखादं मोठं युनिट पडलं असणार. खोलीतली सगळी डोकी एकदम वर होतात. ताईंचे सहकारी सवयीने पहिल्यांदा आपल्या ओळी तपासतात.

"तारापूर?"

"आहे. दोन्ही आहेत. चंद्रपूर आहे. आपलं काही नाही."

आकडा ४९.९४ होतो, ४९.९७ होतो. ताई पाण्याचा कागद पुढे ओढतात, त्यावर वेळ टाकतात आणि पुन्हा पोफळीचा नंबर लावतात. "एक मशीन उतरवा आता. हो, आत्ताच. बाकीची अकरापर्यंत चालू द्या, मग बोलू."